बत्तिसावा बिल्ला

चौतीस वर्षं मी सळया बांधल्या. रंगाऱ्याचं काम लोकांना दिसतं, फरशीवाल्याचं दिसतं. आमचं संध्याकाळपर्यंत सिमेंटखाली जातं. ते पुन्हा कोणाला पाहावं लागलं, तर काहीतरी कोसळलंय असं समजायचं.

पण मी स्वतःबद्दल लिहायला बसलेलो नाही. माझ्या धाकट्या भावाच्या बायकोबद्दल लिहायचं आहे. घरात तिला सगळे धाकटी म्हणतात. साइटवर तिला आधी वहिनी म्हणत, मग इनचार्ज म्हणू लागले. वहिनीपासून इनचार्जपर्यंत यायला तिला अकरा वर्षं लागली. माझ्या माहितीत एवढ्या कमी वेळात तिथवर कोणी पोचलेलं नाही. मी तर पोचलोच नाही.

ती सव्वीस वर्षांची होती. कपड्यांच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलावर काम करायची. एकावर एक ऐंशी थर कापड, वर कागदी नमुना, आणि मशिनची पाती. कारखाना बंद पडला. त्या दिवसांत आमच्याकडे माणसं कमी होती. भाऊ आणि मी एकाच गँगमध्ये होतो. रात्री जेवताना ती म्हणाली, "मी येते उद्यापासून. दुसरं काम मिळेपर्यंत. तीन आठवडे."

मी म्हणालो, "सळई म्हणजे कापड नाही."

"कापड तुम्ही कधी कापलंय का, भाऊजी?"

"नाही."

"मग कसं कळलं?"

माझी बायको पदराआड हसली. कामावर आपोआप कळेल, असं मला वाटलं.

पहिला आठवडा तिने फक्त सळया वाहिल्या. बोटाएवढी जाड सळई चाळीस फुटांची असते. ती दोघांनी खांद्यावर घ्यायची आणि पावलं जुळवून चालायचं. पावलं चुकली की सळई मध्येच उसळते आणि मानेवर बसते. तिची चार वेळा चुकली. पाचव्यांदा तिने पुढच्या माणसाला सांगितलं, "तोंडाने एक-दोन म्हणत चला, लाजू नका." तो म्हणू लागला. त्यानंतर चुकली नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या हातात आकडी दिली. दोन सळया एकमेकींवरून जातात तिथे बारीक तार दुहेरी करून घालायची, आकडीने पिळायची. तीन पिळांत गाठ बसते. दोनमध्ये सैल राहते, चौथ्याला तार तुटते. दिवसाला हजार-बाराशे गाठी मारायच्या, त्याही कंबरेत वाकून. माझी तपासायची पद्धत सोपी होती. मी जाळीवर बुटाची टाच मारायचो. जे सरकलं ते पुन्हा बांधायचं. पहिल्या दिवशी तिचं निम्मं सरकलं. तिने निम्मं पुन्हा बांधलं. बोटांना तार लागून रक्त आलं होतं, ते तिने पँटला पुसलं आणि डबा खायला बसली.

महिन्याभराने तिने पहिला कॉलम एकटीने बांधला. कॉलममध्ये उभ्या सळयांना आडव्या चौकोनी रिंगा घालतात. प्रत्येक रिंगेची दोन्ही टोकं एका कोपऱ्यात येऊन आत वळलेली असतात. त्याला आम्ही रिंगेचं तोंड म्हणतो. ही तोंडं एकाच कोपऱ्यात ठेवायची नसतात. एक या कोपऱ्यात, पुढचं दुसऱ्या, अशी फिरवत न्यायची. नवखा माणूस हात सोयीचा पडतो त्याच कोपऱ्यात सगळी लावतो. तिनेही लावली होती. चोवीस रिंगा.

"उलगड," मी म्हणालो.

तिने तार तोडायला सुरुवात केली. सात-आठ रिंगा उतरल्यावर थांबली. "का, ते सांगा. नुसतं उलगडायला सांगू नका."

"सगळी तोंडं एका बाजूला आली तर ती बाजू कच्ची राहते. भार आला की कॉलम तिथूनच उघडतो."

"शर्टाची सगळी शिवण एकाच रेषेत आली तर तिथूनच उसवतो. तसं."

"तसंच."

"मग हे आधी सांगायला काय जात होतं?"

काही जात नव्हतं. बरीच वर्षं मला कोणी कारण विचारलंच नव्हतं, म्हणून मीही सांगणं सोडलं होतं.

तीन आठवड्यांचे सहा महिने झाले. दुसरं काम शोधायचा विषय घरात कोणी काढेना.

मग जिन्याची गोष्ट झाली. जिन्याच्या सळया वाकवणं हे या धंद्यातलं अवघड काम आहे. पायऱ्या तिरक्या, मधला टप्पा आडवा, आणि सळई एका पातळीतून दुसरीत जाते. आमचा फोरमन ड्रॉइंग घेऊन तासभर उभा होता. दोन सळया वाकवून बघितल्या, दोन्ही फुकट गेल्या. धाकटी चहाचे पेले गोळा करत होती. तिने मागून ड्रॉइंग पाहिलं आणि म्हणाली, "हे बाहीसारखं आहे. कागदावर सपाट काढलंय, पण अंगात घातल्यावर वळतं."

सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून तिने पट्टी कापली, तीन ठिकाणी दुमडली आणि फळीवर ठेवली. सळई कुठे वाकवायची ते कोणालाही दिसलं असतं. फोरमनने पट्टी उचलली, उलटसुलट पाहिली. म्हणाला, "वहिनी, तुम्ही चहा देऊ नका आता." त्या काळात तो कोणाचं एवढंही कौतुक करायचा नाही.

लोक विचारतात, या कामात पुढे काय आहे. मी खरं ते सांगतो. आधी हमाली. मग हाताखालचा माणूस, मग फिटर, मग हेड फिटर. इथवर हात नेतात. पंचेचाळिशीला कंबर नाही म्हणते, गुडघे त्याच्या आधीच बोलायला लागलेले असतात. तोवर ज्याला ड्रॉइंग वाचता आलं, तो पुढे जातो. सळया किती, केवढ्या, कशा वाकवायच्या याची यादी बनवणारा, मग तपासणारा, मग साइटचा स्टील इनचार्ज. त्या जागेवर वाकावं लागतं ते फक्त मोजायला, आणि पुलापासून धरणापर्यंत सगळीकडे त्या माणसाची गरज असते. ज्याला वाचता येत नाही, तो माझ्यासारखा हेड फिटर म्हणून घरी जातो. त्यातही कमीपणा नाही. पण कंबर तीच राहते.

तिला हे कोणी सांगावं लागलं नाही. तिसऱ्या वर्षी तिने तंत्रशाळेच्या रविवारच्या वर्गात नाव घातलं. दीड वर्ष. रविवारी माझा भाऊ घर झाडायचा, कपडे धुवायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "मी सहा दिवस सळई बांधतो. सातव्या दिवशी ती मला बांधते." परीक्षेत ती बेचाळीस जणांत तिसरी आली. पहिले दोघे इंजिनिअर व्हायला शिकत होते.

मग ती यादी बनवू लागली. तिच्या यादीने कापलं की वाया जाणारे तुकडे थोडेच उरत. चाळीस फुटांच्या सळईतून कोणती मापं एकत्र कापली की कमीत कमी वाया जातं, हे ती कटिंगच्या टेबलावर शिकून आली होती. आधी आमच्या यार्डात तुकड्यांचा ढीग माणसाच्या उंचीचा असायचा. तिच्या दुसऱ्या वर्षी तो गुडघ्यापर्यंत आला.

बारा मजल्यांच्या एका इमारतीवर आमचा जुना इनचार्ज दुसऱ्या कामावर निघून गेला. मोठ्या साहेबांनी तिला बोलावलं. मी आणि भाऊ दाराबाहेर उभे होतो, ऐकू येत होतं.

"तीन महिने बघतो," साहेब म्हणाले. "एक जरी स्लॅब भरल्यावर फोडावा लागला, तर दुसरा माणूस आणीन. मग तुम्ही परत यादीवर."

"चालेल."

"तुमच्या गँगमध्ये तुमचा नवरा आहे, दीर आहे. घरातल्या माणसाला बोलता येईल?"

"बोलता येतं. ऐकतात का ते त्यांना विचारा."

साहेब हसले नाहीत. आम्ही दोघं जिन्याने खाली पळालो.

इनचार्ज झाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती बिल्ल्यांची. यार्डात सळया कापून, वाकवून गठ्ठे बांधतात. प्रत्येक गठ्ठ्याला तिने पत्र्याचा बिल्ला लावला, त्यावर आकडा ठोकलेला. गठ्ठा वर गेला आणि जागेवर लागला की बांधणाऱ्याने बिल्ला सोडून तिला द्यायचा. ते बिल्ले ती तारेच्या कडीत ओवून कमरेला लावायची. स्लॅब भरण्याच्या सकाळी कडीतले बिल्ले यादीशी जुळले पाहिजेत. आणि नियम असा, की बिल्ल्याशिवायची सळई कोणी वर न्यायची नाही. नेली, तर आठ दिवस वरचं काम बंद, यार्डात कापायला उभं राहायचं.

मला तो पोरखेळ वाटला. "काय गं," मी सगळ्यांसमोर म्हणालो, "किल्ल्यांचा जुडगा लावलास कमरेला. सासू झालीस की काय आमची?"

"सासू झाले असते तर तुम्हाला भांडी घासायला लावली असती, भाऊजी. बिल्ला द्या."

गँग हसली. मी बिल्ला दिला. पहिल्या दोन महिन्यांत दोघांना यार्डात जावं लागलं. दोघं कुरकुरले, पण गेले.

आता ती सकाळ. तीन महिने पुरे व्हायला अकरा दिवस राहिले होते. नववा मजला. खालचे सगळे मजले सारखे होते, बाल्कनी तीन फूट बाहेर. नवव्यापासून ती पाच फूट होणार होती. तसं ड्रॉइंग महिन्याभरापूर्वी बदललं होतं आणि तिने ते सगळ्यांना बसवून समजावलं होतं. मीही बसलो होतो. मी मान हलवली होती.

आदल्या दिवशी बाल्कनी माझ्याकडे होती. सामान वर नेणारी लिफ्ट विटावाल्यांनी अडवली होती. आठव्या मजल्यावर बाल्कनीच्या सळयांचा एक गठ्ठा पडून होता, ड्रॉइंग बदलण्याआधी नवव्यासाठी कापलेला. ड्रॉइंग बदललं तेव्हा तिने त्याचा बिल्ला काढून घेतला होता. मी दोन माणसं घेतली आणि चव्वेचाळीस सळया खांद्यावरून जिन्याने वर आणल्या. कष्ट वाचवले नाहीत. फक्त मोजायचं वाचवलं. आठ मजले हात तेच करत आले होते. मी बाहेरच्या कडेपासून सळई लावली, आत बांधत गेलो. आतली टोकं खोलीच्या जाळीत कुठे संपली, ते मी पाहिलं नाही. संध्याकाळी इंजिनिअरने सळयांमधली अंतरं मोजली. ती बरोबर होती. गाठी घट्ट होत्या. त्याने सही केली.

सकाळी पावणेनऊला काँक्रीटच्या दोन गाड्या फाटकात उभ्या होत्या. पंपाची नळी वर चढवली होती. वीस माणसं बूट घालून तयार. धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बिल्ले मोजत होती. मोजले. पुन्हा मोजले. उठली आणि काही न बोलता खाली गेली.

"आता काय राहिलं?" पंपवाला ओरडला.

ती वर आली तेव्हा तिला धाप लागली होती. यार्डातून नऊ मजले चढून आली होती. सरळ माझ्याकडे आली.

"भाऊजी, बाल्कनीच्या सळया कुठून आणल्या?"

"आठव्यावरून. तुझ्याच यादीतल्या आहेत की."

"बत्तीस नंबरचा गठ्ठा खाली ताडपत्रीखाली आहे. बिल्ल्यासकट. या किती फुटांच्या आहेत?"

तिने विचारलं त्याच क्षणी मला कळलं होतं.

"साडेसात," मी म्हणालो.

तिने टेप काढला आणि माझ्या हातात दिला. स्वतः मोजलं नाही. मी बाहेरच्या कडेपासून धरला. बाहेर पाच फूट. आत अडीच.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाल्कनी म्हणजे पुढे ताणून धरलेला हात. ओझं हातावर असतं, पण ओढ खांद्याला बसते. म्हणून तिच्या सळया वरच्या अंगाला असतात आणि बाहेर जितक्या जातात त्याच्या दीडपट आत रुतलेल्या लागतात. बाहेर पाच, तर आत साडेसात. माझ्या अडीचच होत्या. काँक्रीट पडलं असतं तर वरून कोणालाही कळलं नसतं. महिन्याने खालचे टेकू काढले असते, मग कळलं असतं.

माझा भाऊ जवळ आला. आवाज खाली घेऊन म्हणाला, "अगं, जोड देऊ. आतल्या टोकांना पाच-पाच फुटांचे तुकडे बांधू. अर्ध्या तासाचं काम."

"जोड कुठे येतो?"

"आत. खोलीत."

"खोलीत नाही, खांद्याशी येतो. आणि सगळे चव्वेचाळीस एकाच रेषेत."

"कोणाला दिसणार आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. भाऊ आकडी घेऊन बाजूला झाला.

"सगळ्या काढायच्या," ती मोठ्याने म्हणाली. "नव्या लावायच्या. पंप बंद करा."

पंपवाल्याने शिवी दिली, नळीला उद्देशून. मोठे साहेब आवाज ऐकून वर आले. त्यांनी आधी घड्याळ पाहिलं, मग सळया.

"इंजिनिअरची सही आहे."

"अंतरावर आहे. लांबीवर नाही. लांबी मी बघायची असते."

"कोणी बांधलं हे?"

"माझ्या गँगने. जबाबदारी माझी."

"मी काय म्हणालो होतो, आठवतंय?"

"भरल्यावर फोडावा लागला तर, असं म्हणाला होतात. अजून भरलेला नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मी पुढे झालो. चौतीस वर्षांत माझं बांधलेलं कोणी उलगडायला लावलं नव्हतं. तसंच निवृत्त व्हायचं मनात होतं. निवृत्तीला सात महिने राहिले होते.

"मी बांधलं," मी म्हणालो. "बिल्ला नसलेल्या सळया मी आणल्या. तिने ड्रॉइंग समजावलं होतं."

"तुम्ही?" साहेब म्हणाले.

"आणि गाड्यांमधला माल?" त्यांनी तिला विचारलं. "दोन तासांत दगड होईल तो."

"पाण्याच्या टाकीचा पाया. त्याची जाळी परवा तपासून ठेवलीय, बिल्ले जुळलेत. मिश्रण तेच. दोन्ही गाड्या तिथे बसतात, मी हिशेब केलाय."

"कधी केला?"

"जिना चढताना."

साहेब कठड्याशी गेले, खाली टाकीच्या खड्ड्याकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून गाड्या तिकडे वळवायला सांगितल्या. जाताना म्हणाले, "बाराला पुढच्या गाड्या येतील. त्या परत जाणार नाहीत."

तीन तास. चव्वेचाळीस सळया सोडायच्या, बत्तीस नंबरचा गठ्ठा वर आणायचा, साडेबारा फुटांची एकेक सळई खोलीच्या जाळीतून सरकवायची, खाली वाकवलेल्या सळईच्या बुटक्या खुर्च्या लावायच्या म्हणजे जाळी पायाखाली दबणार नाही, आणि बांधायचं. या वेळी लिफ्ट मिळाली. धाकटी स्वतः विटावाल्यांशी काय बोलली माहीत नाही, पण त्यांनी विटा उतरवून जागा करून दिली.

मी तार तोडायला लागलो. माझ्याच गाठी. घट्ट होत्या, त्याचा त्या दिवशी पहिल्यांदा राग आला. शेजारी कोणीतरी आकडी घेऊन बसलं. पाहिलं तर तीच. इनचार्ज झाल्यापासून तिने आकडी हातात घेतली नव्हती, पण तीन पिळांत गाठ बसत होती, एकही तुटत नव्हती. भाऊ आतल्या बाजूने बांधत येत होता. गँगमधले एरवी टोमणे मारायची संधी सोडत नाहीत. त्या दिवशी सगळे गप्प. त्यापेक्षा टोमणे परवडले असते.

बाराला दहा कमी असताना शेवटची गाठ पडली. ती उठली, कंबर सरळ केली आणि टेप घेऊन चव्वेचाळीसही सळया आतल्या टोकापासून मोजल्या. मग माझ्या बाजूच्या जाळीवर बुटाची टाच मारली. चार ठिकाणी. काही सरकलं नाही.

"भरा," ती म्हणाली.

संध्याकाळी घरी भाऊ तिच्या मागे मागे फिरत होता. मला पडद्यामागून ऐकू येत होतं. "नियम आहे, ठीक आहे. पण दादा आहे तो. तुला आकडी धरायला त्याने शिकवलं. सात महिने राहिलेत त्याचे. आणि साहेब काही म्हणाले नाहीत." तिचं उत्तर ऐकू आलं नाही. ती कणीक मळत होती, परातीचा आवाज येत होता.

जेवताना माझी बायको म्हणाली, "चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका घरी आणून सांगितल्यात. आज स्वतःची सांगा. कशी लागते बघू."

"जाऊबाई, जेवू द्या त्यांना," धाकटी म्हणाली.

"जेवतायत की. मी काय ताट ओढलंय?"

मी सांगितली. पूर्ण सांगितली, अडीच फुटांसकट. बायकोने ऐकून घेतलं. मग धाकटीला म्हणाली, "उद्या काय करणार आहेस?"

धाकटी म्हणाली, "उद्याचं उद्या साइटवर."

झोपताना मी विचार करत होतो. तिने मला सोडलं असतं, तर कोणी तोंडावर काही बोललं नसतं. पण यार्डात जाऊन आलेले ते दोघं होते. त्यांनी लक्षात ठेवलं असतं. त्यानंतर बिल्ला म्हणजे नुसता पत्रा राहिला असता, आणि ती नुसती आमच्या घरची सून. साहेबांनी ठेवलं असतं तरी. ती हे जाणून होती का, मला माहीत नव्हतं. घरातलं नातं तिच्या हातात होतं, आणि ते किती जड असतं हे मला ठाऊक होतं. मी तिला सोडवायचं म्हणून स्वतःच यार्डात निघून जावं, असंही मनात आलं. मग वाटलं, नको. हे ओझं तिचं आहे. मी उचललं तर ते तिचं काम होणार नाही.

सकाळी साडेसातला सगळे फाटकाशी जमले. ती रोज तिथे कामं वाटून द्यायची. हातातल्या कागदावरून वाचत होती. दहाव्याचे कॉलम, हा आणि तो. जिना, तिघं. टाकीच्या भिंती, माझा भाऊ आणि दोघं. सगळे कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"यार्ड," ती म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "कटिंग. भाऊजी. आठ दिवस."

आधी जाऊन आलेल्या दोघांतला एक खाली मान घालून विडी विझवत होता. मी आकडी भावाच्या हातात दिली आणि यार्डाकडे चालू लागलो. लिहायला सोपं आहे, पण ते साठ पावलांचं अंतर मी छाती पुढे काढून चाललो. दुसऱ्या कोणाला ते चुकलेल्या माणसाचं चालणं वाटलं असेल. मला मात्र असं वाटत होतं की माझ्या हाताखालून निघालेलं एक काम आत्ता भर गर्दीत तपासलं गेलं, आणि टाच मारूनही सरकलं नाही.

आठ दिवस कापलं. कटिंगच्या मशिनशी उभं राहणं वाकण्याइतकं जड नाही, पण कानठळ्या बसतात. मी प्रत्येक माप दोनदा घेतलं. एकही सळई फुकट घालवली नाही. ती दिवसातून दोनदा यायची, गठ्ठे बघायची, बिल्ले लावायची. "जेवलात का?" एवढं विचारायची. मी मान हलवायचो.

सातव्या दिवशी मोठे साहेब मुख्य ऑफिसच्या एका पाहुण्याला घेऊन यार्डात आले. पाहुणा पांढरी टोपी घातलेला, बूट नवे. त्याने माझे पांढरे केस पाहिले, मग माझ्या शर्टावरचा हेड फिटरचा पट्टा.

"हेड फिटर कटिंगला का?" त्याने साहेबांना विचारलं.

साहेब अडखळले. मी मशिन बंद केलं.

"माप न बघता बांधलं," मी म्हणालो. "इनचार्जने इथे पाठवलंय."

"तुम्हाला? कोण इनचार्ज आहे?"

ती दूर दहाव्या मजल्याच्या कडेला उभी होती, पिवळी टोपी, हातात टेप. मी बोट दाखवलं.

"ती बाई?"

"हो."

पाहुणा थोडा वेळ वर बघत राहिला. मग साहेबांना म्हणाला, "तीन महिने बघतो म्हणाला होतात, ती हीच? मुदत कधी संपते?"

"चार दिवसांनी," साहेब म्हणाले. "पण कागद मी काल पाठवला. शेजारच्या इमारतीचं स्टीलही तिच्याकडेच देतोय."

हे मला त्यांच्या तोंडून तेव्हाच कळलं. तिला अजून माहीत नव्हतं. मला हाक मारून सांगता आलं असतं, आवाज पोचला असता. मी मारली नाही. ते तिला साहेबांनी सांगायचं होतं.

पाहुणा निघताना माझ्याकडे वळला. "तुमची कोणी लागते का ती?"

"भावजय आहे," मी म्हणालो. "धाकट्या भावाची बायको. आकडी धरायला मी शिकवलं तिला."

नातं गँगला माहीत होतं, पण साइटवर मी ते कधी तोंडाने सांगत नसे. घरचं घरी असावं. त्या दिवशी सांगितलं, आणि जरा मोठ्यानेच सांगितलं. यार्डातल्या चौघांनी माना वर केल्या. मग मी मशिन सुरू केलं, कारण दहाव्याच्या बाल्कनीच्या अजून एकोणीस सळया कापायच्या राहिल्या होत्या.